कोल्हापूरचें उद्यमनगर आणि बावड्याची वाट

कोल्हापुरास जाणाऱ्या मंडळींचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. पहांटे अंबाबाईचें दर्शन, दुपारीं नव्या राजवाड्यांतील वस्तुसंग्रहालय, सायंकाळीं रंकाळ्याच्या कांठीं फेरफटका, आणि सवड असल्यास दुसऱ्या दिवशीं पन्हाळा व जोतिबा. परततांना गुळाची ढेप नाहींतर चपलांचा जोड पिशवींत पडलेला असतोच. हा कार्यक्रम उत्तम आहे. त्यांत उणें काढण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु या शहराचें एक मोठें वैभव या यादींत कधींच नसतें. तें म्हणजे येथील कारागिराचा हात. तो पाहावयाचा असेल तर देवळावरून निघून शिवाजी उद्यमनगराची वाट धरावी. तेथें तिकीट नाहीं, वाटाड्या नाहीं; लेथांची घरघर, लोखंडाचा कीस, तेलाचा वास आणि सांधकामाच्या ठिणग्या हीच तेथील शोभा. दहा फूट रुंदीच्या गाळ्यांत काय काय घडतें हें पाहून वाचकांस नवल वाटल्यावांचून राहणार नाहीं.

या हाताची परंपरा आजची नव्हे. बाबूराव पेंटर हे मूळचे मेस्त्री घराण्यांतील. त्यांनीं व त्यांचे बंधु आनंदराव यांनीं चित्रपटाचा कॅमेरा स्वतःच बनविण्याची खटपट आरंभिली. आनंदराव १९१६ सालीं वारले. तरी बाबूरावांनीं ती सोडली नाहीं, आणि अखेर कोल्हापुरांत बनलेल्या कॅमेऱ्यानेंच महाराष्ट्र फिल्म कंपनीचीं चित्रें निघूं लागलीं. ‘सैरंध्री’ १९२० सालीं लोकांपुढें आला, आणि १९२३ च्या ‘सिंहगडा’साठीं बाबूरावांनीं कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. दिवा कोठें ठेवला असतां काय उजळतें आणि काय झांकोळतें, याचा विचार या गांवानें शंभर वर्षांपूर्वींच केलेला आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं. दुसरीकडे पंचगंगेच्या खोऱ्यांत ऊंस वाढला, तसें नदीचें पाणी मळ्यांत चढविण्यास इंजिनें आलीं. इंजिनें आलीं म्हणजे तीं बिघडणारहि. दुरुस्तीवरून सुटे भाग, सुट्या भागांवरून ओतकाम, असा हा व्याप वाढत गेला, आणि आज शिरोली व गोकुळ शिरगांव येथील कारखान्यांपर्यंत तो पसरला आहे. उद्यमनगर हें त्या साऱ्यांचें जुनें घर.

गेल्या कार्तिकांत आम्हांस या पेठेंत जाण्याचा योग आला, तो एका जीपच्या निमित्तानें. आमच्या आत्याबाई गगनबावडा तालुक्यांतील एका वाडीवर राहतात. वय ऐंशींच्या पुढें गेलें आहे. शहरांतील घर त्यांस मानवत नाहीं, आणि वाडीवरील तुळशीवृंदावन, गाय व फणसाचें झाड सोडून येण्याची गोष्ट काढली कीं त्या विषय पालटतात. मोठ्या रस्त्यापासून वाडीपर्यंत दोन-अडीच किलोमीटर जांभ्या दगडाची वाट आहे; मध्यें एक ओढा आहे. पावसाळ्यांत रात्रीं-अपरात्रीं त्यांस दवाखान्यांत आणावयाचें झाल्यास साधी मोटार तेथवर पोंचत नाहीं. म्हणून आमच्या पुतण्यानें चारहि चाकांस जोर मिळणारी जीप घेतली. तिला त्यानें एका दुकानांतून दोन जादा दिवे बसवून घेतले होते. तें दुकान कोणत्या गांवचें, हें सांगण्याचें येथें कारण नाहीं. दिवे बंपरच्या माथ्यावर, मुख्य दिव्यांच्याहि वर, पातळ पत्र्याच्या पट्टीवर उभे केलेले होते. दिसावयास मोठे ऐटबाज होते.

श्रावणांत एके रात्रीं आत्याबाईंना सणकून ताप भरला. निरोप येतांच पुतण्या व आम्ही निघालों. असळजच्या पुढें धुकें लागलें. जादा दिवे लावतांच समोर पांढरी भिंत उभी राहिली. रस्ता, कडेचा दगड, झाड, कांहींच दिसेना. दिवे विझवून, कांच खालीं करून, कडेच्या पांढऱ्या रेघेवर नजर ठेवीत आम्ही गोगलगाईच्या चालीनें पुढें सरकलों. ओढा उतरून वर चढतांना बंपरची खालची कड दगडास लागली, आणि त्या हादऱ्यानें एका दिव्यानें मान टाकली. आत्याबाईंना दवाखान्यांत पोंचविण्यास पहांट झाली. त्या बऱ्या झाल्या, ही ईश्वराची कृपा. परंतु पुढचा पावसाळा येण्यापूर्वीं बंपरची कड आणि दिवे यांचा बंदोबस्त झालाच पाहिजे, असें घरांत सर्वांनीं एकमतानें ठरविलें.

येथें जीप या वाहनाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ च्या सुमारास, अमेरिकन सैन्यासाठीं विलिस कंपनीची जीप मोठ्या संख्येनें बनूं लागली. युद्ध संपल्यावर, १९४७ सालीं, मुंबईंत महिंद्र कंपनीनें विलिसच्या जीपची जुळणी सुरू केली. आज डोंगरांत फिरणाऱ्या तरुणांच्या तोंडीं असलेली ‘थार’ हा त्याच वंशाचा वेल. मूळ जीपचा बंपर म्हणजे पोलादाची एक सरळ आडवी पट्टी होती, आणि तिच्या खालीं कांहींच लोंबत नसे. हल्लींच्या गाड्यांचा बंपर प्लास्टिकचा, फुगीर आणि खालीं ओठ काढलेला असतो. टायरच्या पुढच्या गोलाईस चाटून बंपरच्या खालच्या कडेस लागेल अशी एक रेघ मनांत काढावी. ती जमिनीशीं जो कोन करते, तेवढाच चढ गाडी नाक न घासतां घेऊं शकते. ओठ जितका पुढें आणि जितका खालीं, तितका हा कोन लहान. डांबरी सडकेवर त्याचें कांहीं वाटत नाहीं. ओढ्याच्या कांठीं मात्र दोन-तीन इंचांनीं सर्व फरक पडतो.

उद्यमनगरांत आम्हांस ज्या मेस्त्र्यांकडे पाठविण्यांत आलें, ते साठीच्या घरांतले, मितभाषी गृहस्थ होते. त्यांनीं जीपभोंवतीं एक फेरी मारली, खालीं बसून कडेवरील ओरखडे पाहिले, दिवा हातानें हालवून पाहिला, आणि म्हणाले, “दिवं कुणी लावलं त्ये मी इचारत न्हाई. पर मालक, धुक्याचा दिवा टोपीला लावत न्हाईत. त्यो गुडघ्याला लावायचा असतोय.”

या एका वाक्यांत पदार्थविज्ञानाचा एक धडा आहे. धुकें म्हणजे हवेंत तरंगणारे पाण्याचे सूक्ष्म थेंब. दिवा डोळ्यांच्या जवळ आणि वर असला, म्हणजे त्याचा झोत नेमका आपल्या नजरेच्या रेषेंतील थेंबांवर पडतो, आणि तेथून उलट फिरून आपल्याच डोळ्यांत येतो. तीच ती पांढरी भिंत. दिवा खालीं असला, झोत रुंद आणि चपटा असला, व त्याची वरची कड छाटल्यासारखी असली, म्हणजे प्रकाश रस्त्याच्या अंगानें जातो आणि डोळा त्याच्या वरून पाहतो. धुक्यांत पिवळा दिवा अधिक भेदक असतो, अशी समजूत सर्वत्र आहे. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षां कितीतरी मोठे असतात, त्यामुळें ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. पिवळा रंग डोळ्यास थोडा सौम्य वाटत असेल. खरें महत्त्व रंगाला नसून जागेला आहे.

पुतण्या तरुण आहे. त्याचें एवढ्यानें समाधान होईना. तो म्हणाला, “मेस्त्री, धुक्याचे दिवे खालीं घ्या, पण टपावर एक लांब दिव्यांची पट्टी लावूं, आणि पुढें एक जाड लोखंडी गज बसवूं. म्हणजे घाटांत अगदीं दिवस उजाडेल.”

मेस्त्री हंसले नाहींत. ते म्हणाले, “तुमास्नी उजाडंल, समोरून येणाऱ्याला अंधार पडंल. आन् घाटात त्यो दरीकडच्या अंगाला असला, तर? गज बी मी लावत न्हाई. दुसरीकडं लावून मिळंल, माझ्याकडं न्हाई.”

पुतण्याचा चेहरा उतरला. “काका, तुम्ही तरी सांगा यांना. पैसे आपण देतों आहों ना?” असें तो आमच्याकडे वळून म्हणाला. आम्ही त्याला म्हटलें, “अरे, पैसे आपण देतों, पण समोरच्याच्या डोळ्यांचे देत नाहीं.” परंतु येथें केवळ सौजन्याचाच प्रश्न नव्हता, कायद्याचाहि होता, आणि तो मेस्त्र्यांस आमच्यापेक्षां अधिक ठाऊक होता. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार वाहनांत करतां येत नाहीं. पुढें बसविण्याच्या लोखंडी गजांविरुद्ध केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांना स्पष्ट सूचना दिल्या. त्याचें कारणहि समजण्याजोगें आहे. आधुनिक गाडीचा पुढचा भाग धडकेचा जोर स्वतः चेपून गिळण्यासाठीं केलेला असतो. त्यापुढें ताठ गज आला, कीं तो जोर सरळ आंत बसलेल्यांपर्यंत पोंचतो, एअरबॅगचा अंदाज चुकतो, आणि पायीं चालणारा सांपडला तर त्यास मऊ प्लास्टिकाऐवजीं लोखंड लागतें. झोताचे दिवे पुढें लावण्यासहि १९८९ च्या केंद्रीय नियमांत अपवादात्मक कारण व नोंदणी अधिकाऱ्याची संमति यांवांचून मनाई आहे. हें सारें ऐकून पुतण्यानें टपावरील पट्टीचा हट्ट सोडला, पण मनापासून सोडला असें त्या क्षणीं आम्हांस वाटलें नाहीं.

मग काम सुरू झालें. मेस्त्र्यांनीं आरीला हात लावण्यापूर्वीं संबंध बंपर उतरवून पोत्यावर ठेवला. त्याच्या मागें पोलादाची आडवी तुळई, संवेदकांच्या तारा, ओढण्याचा हूक आणि रेडिएटरकडे वारा वळविणारी पन्हळ होती. या प्रत्येकावर त्यांनीं खडूनें फुली मारली, आणि म्हणाले, “ह्येला हात न्हाई.” उरला तो केवळ प्लास्टिकचा ओठ. त्यावर चिकटपट्टी लावून, पुठ्ठ्याचा एक नमुना कापून, तो डाव्या अंगास ठेवून रेघ ओढली. तोच नमुना उलटून उजव्या अंगास ठेवला, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. जेथें रेघ वळते तेथें प्रथम एक गोल भोंक पाडलें, कारण टोकदार कोपऱ्यापासून प्लास्टिक तडकत जातें. मग बारीक दातांच्या पात्यानें, घाई न करतां, तीन इंचांची पट्टी कापून काढली. कड कानशीनें गुळगुळीत केली आणि तीवर रबराची किनार चढविली. कापलेला तुकडा फेंकून न देतां त्यांनीं कागदांत गुंडाळून आमच्या स्वाधीन केला, व विमा कंपनीस हा बदल लेखी कळविण्याची आठवण दिली. उद्यां कोणी विचारलें तर काय कापलें हें दाखवितां आलें पाहिजे, असें त्यांचें म्हणणें.

दिव्यांचें काम त्याहून नाजूक. जाड पट्टीच्या दोन कोनी टेकण्या त्यांनीं तेथेंच कापून, वांकवून, सांधून घेतल्या. तुळईस नवें भोंक न पाडतां तिच्या मूळच्याच भोंकांतून बोल्ट घातले, आणि हादऱ्यानें सैल होऊं नयेत म्हणून आंत नायलॉनचें कडें असलेले नट लावले. दिवे आतां मुख्य दिव्यांच्या खालीं, बंपरच्या दोन्ही गालांत बसले. तारांचा हिशेब तर आमच्या घरांतील विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा असा आहे. दोन दिवे ५५-५५ वॅटचे, म्हणजे ११० वॅट. बॅटरी १२ व्होल्टची. भागाकार केला असतां सुमारें ९ अँपिअर प्रवाह येतो. एवढा प्रवाह डॅशबोर्डावरील लहानशा बटणांतून नेला तर तें तापून जळावयाचें. म्हणून बटणानें केवळ रिले चालवावा, आणि मोठा प्रवाह बॅटरीजवळून १५ अँपिअरचा फ्यूज घालून स्वतंत्र जाड तारेनें न्यावा. पूर्वींच्या जोडणींत फ्यूज नव्हताच. तारेचें वेष्टन एके ठिकाणीं मऊ पडलेलें मेस्त्र्यांनीं दाखविलें, तेव्हां आमच्या अंगावर कांटा आला.

शेवटीं नेम. गाडी सपाट जागीं, भिंतीपासून १० मीटरांवर उभी केली, आणि मेस्त्री आम्हांस म्हणाले, “आता समदी आत बसा.” मागें माणसें व सामान असलें कीं गाडीचें नाक किंचित् वर उचलतें, आणि रिकाम्या गाडींत लावलेला नेम चुकतो. म्हणून आम्ही, पुतण्या आणि दुकानांतील दोन पोरें आंत बसलों, व मेस्त्र्यांनीं झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षां सुमारें १० सेंटिमीटर खालीं पडेल असे स्क्रू फिरविले. मग पुतण्यास खालीं उतरवून भिंतीजवळ नेलें, आणि गाडीकडे तोंड करून उभें केलें. “डोळं दिपत्यात का?” “नाहीं.” मग त्यांनीं जुना दिवा पूर्वींच्या उंचीवर हातांत धरून क्षणभर लावला. पुतण्यानें झटकन् हात डोळ्यांवर नेला. त्यानंतर टपावरील पट्टीची गोष्ट त्याच्या तोंडून पुन्हां निघाली नाहीं.

अंधार पडल्यावर आम्ही कोल्हापूर सोडलें. बालिंग्याच्या पुलावरून भोगावती ओलांडली कीं बावड्याचा रस्ता उंसांच्या मळ्यांतून जातो. गळिताचा हंगाम सुरू झालेला होता. कळ्याच्या पुढें एका वळणावर उंसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आमच्या पुढें आला. मागें दिवा नाहीं, तांबडी चमकपट्टी नाहीं, केवळ उंसाचे शेंडे लोंबत होते. आपल्या दिव्यांनीं तो वेळेवर दिसला. पण समोरून कोणी प्रखर झोत टाकीत आला असता तर तो आम्हांस दिसला असता किंवा नाहीं, याचा विचार मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. मांडुकलीजवळ पावसाळ्यांत कुंभीचें पाणी रस्त्यावर येऊन बावड्याचा मार्ग बंद होतो; आतां नदी शांतपणें पात्रांत होती. असळज मागें पडलें आणि धुकें आलें.

या वेळीं भिंत उभी राहिली नाहीं. चमत्कार झाला असेंहि नव्हे. धुकें तें धुकेंच. परंतु पंधरा-वीस पावलांपर्यंतची काळी सडक, तिच्या कडेची पांढरी रेघ आणि पलीकडचें गवत स्पष्ट दिसत होतें, आणि ताशीं वीस किलोमीटरांच्या वेगानें जावयास तेवढें पुरे होतें. समोरून एक एस. टी. आली. तिच्या चालकानें दिवे खालीं केले, पुतण्यानेंहि केले, आणि दोन्ही वाहनें एकमेकांस त्रास न देतां निघून गेलीं. पुढें एका वळणावर अंधारांत दोन हिरवट ठिपके चमकले. तो गवा होता. दिवे मंद करून आम्ही थांबलों. तो सावकाश रस्ता ओलांडून झाडींत गेला. आंधळा करणारा झोत असता तर तो बिचकून कोणीकडे धांवला असता, कोण जाणे.

ओढ्यावर आलों. जेथें श्रावणांत दगडाचा आवाज झाला होता, तेथें पुतण्यानें पहिला गिअर घालून गाडी हळूच वर काढली. कोठें कांहीं लागलें नाहीं. ओसरीवर आत्याबाई जाग्याच होत्या. सकाळीं त्यांनीं काठी टेंकीत येऊन दिवे पाहिले, आणि पुतण्यास म्हणाल्या, “खालीं लावलेस तें बरें केलेंस हो. आमच्या वेळीं बैलगाडीचा कंदील आंसाखालीं टांगीत. वर टांगला तर गाडीवानालाच वाट दिसत नसे.” पदार्थविज्ञानाचा जो धडा आम्हीं उद्यमनगरांत घेतला, तो आत्याबाईंना लहानपणापासून पाठ होता!

मेस्त्र्यांनीं निघतांना तांबड्या चमकपट्टीचा उरलेला तुकडा पुतण्याच्या हातीं दिला होता. तो त्यानें त्याच दुपारीं वाडीवरील उंसाच्या गाडीच्या मागच्या फळीवर चिकटविला. त्यास तसें कोणीं सांगितलें नव्हतें.

ज्या घरांतून मुलांनीं डोंगरी गाड्या घेतल्या आहेत, त्या घरांतील वडील मंडळींस आमची एवढीच विनंती आहे कीं, त्यांच्या हौसेस सरसकट नाहीं म्हणूं नये. एकदां त्यांच्याबरोबर चांगल्या कारागिराकडे जावें. काय कापावें आणि कशास हात लावूं नये, कोठें उजेड हवा आणि कोणाच्या डोळ्यांत तो जाऊं नये, हें तो चार वाक्यांत आणि दोन तासांच्या कामांत शिकवितो. आणि कोल्हापुरास जाणें झालें, तर अंबाबाईचें दर्शन घेऊन रंकाळ्यास जाण्यापूर्वीं अर्धा तास उद्यमनगरासाठीं ठेवावा. एखाद्या गाळ्याच्या दाराशीं उभें राहून नुसतें पाहावें. तेथील माणसें आपलें काम थांबवीत नाहींत, पण विचारलेल्या प्रश्नास उत्तर दिल्यावांचूनहि राहत नाहींत.